नोंदवहीतील नागरिक : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील संगणकीय खासगीपणाचा इतिहास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील संगणक व आंतरजाल यांच्या प्रसाराचा इतिहास बहुधा प्रगतीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. किती कार्यालये संगणकीकृत झाली, किती सेवा खिडकीवरून पडद्यावर आल्या, याची गणना त्यात असते. परंतु या प्रसाराबरोबर नागरिकाविषयीच्या नोंदी कोणी ठेवल्या, त्या कोणाच्या हाती गेल्या आणि त्यांवर खुद्द नागरिकाचा अधिकार कितपत राहिला, हा प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे. प्रस्तुत लेखात ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील काही घटनांच्या आधारे या प्रश्नाचा ऐतिहासिक आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

या परिसराची निवड दोन कारणांनी केली आहे. एक म्हणजे, मुंबईत नोकरी करून उपनगरी रेल्वेने घरी परतणाऱ्या शिक्षित मध्यमवर्गाची ही वस्ती असल्याने संगणकाचा घरगुती वापर येथे लवकर रुजला. दुसरे म्हणजे, आंतरजालावरील अभिव्यक्ती, निनावीपणा आणि वैयक्तिक माहितीचा व्यापार यांविषयीची देशभर चर्चिली गेलेली अनेक प्रकरणे याच जिल्ह्यातील पोलीस ठाण्यांत नोंदली गेली. पालघर हा स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीच्या घटनांच्या संदर्भात येथे अविभाजित ठाणे जिल्हा अभिप्रेत आहे.

या घटनाक्रमावरून लेखकास असे वाटते की, खासगीपणाला बाधा आणण्यात प्रगत यंत्रांचा वाटा दुय्यम होता. एका हेतूने केलेली नोंद दुसऱ्याच हेतूसाठी सहज वापरता येते, ही प्रशासनाची आणि बाजाराची जुनी सवय त्यास अधिक कारणीभूत ठरली. पुढील विवेचन याच सूत्राभोवती केले आहे.

तारायंत्राचा वारसा

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली प्रवासी आगगाडी ठाण्यास पोहोचली. पुढे लोहमार्गाबरोबर तारायंत्राचे जाळेही देशभर पसरत गेले. या नव्या दळणवळणावर राज्यसंस्थेचा ताबा राहावा यासाठी केलेला भारतीय तार अधिनियम १८८५ चा आहे. सार्वजनिक आणीबाणी अथवा सार्वजनिक सुरक्षितता यांच्या कारणास्तव संदेश अडविण्याचा अधिकार या अधिनियमाच्या पाचव्या कलमाने शासनास दिला. स्वातंत्र्यानंतरही हे कलम कायम राहिले आणि तारेसाठी केलेली तरतूद दूरध्वनीला व नंतर भ्रमणध्वनीला लागू झाली.

या अधिकाराच्या वापरावर निश्चित कार्यपद्धतीचे बंधन येण्यास एका शतकाहून अधिक काळ लागला. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये निर्णय दिला. दूरध्वनी ऐकण्याचा आदेश सामान्यतः गृह सचिवानेच द्यावा, त्याची मुदत दोन महिन्यांची असावी, ती वाढविली तरी एकूण काळ सहा महिन्यांपेक्षा अधिक नसावा आणि पुनर्विलोकन समितीने अशा आदेशांची तपासणी करावी, अशी बंधने न्यायालयाने घातली. १८८५ च्या अधिनियमाची जागा घेणारा दूरसंचार अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला, तरी संदेश अडविण्याचा अधिकार त्यातही कायम आहे. साधन बदलले की नियंत्रणाचा जुना अधिकार नव्या साधनावर आपोआप चालत येतो, त्यावरील बंधने मात्र दीर्घ प्रतीक्षेनंतर येतात. पुढील काळात या क्रमाची पुनरावृत्ती वारंवार झालेली दिसते.

पालिकेचा संगणक

कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची स्थापना १९८३ मध्ये झाली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस या महानगरपालिकेने आपल्या कामकाजाचे संगणकीकरण हाती घेतले आणि २००२ च्या सुमारास नागरी सुविधा केंद्राद्वारे मालमत्ता कर, पाणीपट्टी, जन्म-मृत्यूचे दाखले, तक्रारी इत्यादी सेवा एकत्र उपलब्ध करून दिल्या. महाराष्ट्रातील नागरी स्वराज्य संस्थांमध्ये हा प्रयोग अग्रेसर मानला गेला आणि पुढे राज्य शासनाने इतर महानगरपालिका व नगरपालिकांसाठी तो आदर्श म्हणून स्वीकारला.

या प्रयोगाचे मोल नाकारण्याचे कारण नाही. अर्ज कोणत्या टेबलावर अडला आहे हे नागरिकास कळू लागले, खेटे कमी झाले आणि मध्यस्थांचे महत्त्व घटले. येथे लक्षात घ्यावयाची बाब वेगळी आहे. पूर्वी घराची नोंद कर विभागाच्या, पाण्याची नोंद पाणीपुरवठा विभागाच्या आणि जन्माची नोंद आरोग्य विभागाच्या वहीत असे. या वह्या एकत्र पाहणे कष्टाचे असल्याने नागरिकाला एक प्रकारचे अघोषित संरक्षण मिळत असे. संगणकाने हे अंतर मिटविले. त्या काळी सोय आणि पारदर्शकता हीच सार्वजनिक चर्चेची परिभाषा होती. एकत्र आलेली माहिती कोणी पाहावी आणि कोणी पाहू नये, यासंबंधी सर्वसाधारण स्वरूपाचा कायदा देशात नव्हता.

सप्टेंबर २०१६ मध्ये ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही शहरांची केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली. ठाणे महानगरपालिकेने २०१८ मध्ये तेल अवीव शहराच्या नमुन्यावर ‘डिजी ठाणे’ हा उपक्रम आणला. त्यात पालिकेच्या सेवा आणि दुकानदारांच्या सवलती एकाच व्यासपीठावर आणण्याची कल्पना होती. करदाता आणि ग्राहक या नागरिकाच्या दोन भूमिका येथे एका नोंदीत मिसळल्या, ही घटना इतिहासाच्या दृष्टीने दखल घेण्याजोगी आहे.

सायबर कॅफेची नोंदवही

भारतात सर्वसामान्यांसाठी आंतरजाल सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली. तथापि घरी संगणक आणि दूरध्वनी दोन्ही असणारी कुटुंबे त्या काळी थोडीच होती. त्यामुळे पुढील दशकभर रेल्वे स्थानकांच्या आसपास आणि महाविद्यालयांच्या परिसरात उघडलेली सायबर कॅफे हीच अनेकांची आंतरजालाशी पहिली ओळख ठरली. तासाचे पैसे मोजून, नाव न सांगता जगाशी बोलता येणे ही त्या पिढीला नवी गोष्ट होती.

या निनावीपणाविषयीची अस्वस्थताही लवकरच प्रकट झाली. सायबर कॅफेत अल्पवयीनांना अश्लील मजकूर सहज दिसतो, अशा आशयाच्या तक्रारीची मुंबई उच्च न्यायालयाने २००१ मध्ये दखल घेऊन एक समिती नेमली. ग्राहकाचे छायाचित्र असलेले ओळखपत्र पाहावे, अल्पवयीनांनी उघड्यावरील संगणकच वापरावेत, अशा शिफारशी या समितीने केल्या. मुलांच्या संरक्षणासाठी सुचविलेला हा उपाय प्रौढांच्या ओळखीची नोंद ठेवण्यापर्यंत पोहोचला, हे लक्षणीय आहे.

११ एप्रिल २०११ रोजी केंद्र शासनाने सायबर कॅफेसंबंधीचे नियम अधिसूचित केले. ओळखपत्राशिवाय संगणक वापरू देऊ नये, ग्राहकाचे नाव, पत्ता व वेळ यांची नोंद ठेवावी, ती किमान एक वर्ष जतन करावी आणि तिचा अहवाल दरमहा सादर करावा, असे या नियमांनी सांगितले. कप्प्यांच्या भिंतींची उंची साडेचार फुटांपेक्षा अधिक असू नये आणि कप्प्याबाहेरील संगणकांचे पडदे बाहेरच्या बाजूस असावेत, असाही दंडक होता. वापरणाऱ्याचे बसणे, त्याचा पडदा आणि त्याचे नाव या तिन्ही गोष्टी अशा रीतीने दृश्य करण्यात आल्या. नियमांनी नोंदी जतन करण्याची किमान मुदत ठरविली, कमाल मुदत ठरविली नाही. जमा झालेल्या ओळखपत्रांच्या प्रतींचे पुढे काय करावे, याची चिंता दुकानदारावर सोडली गेली.

भ्रमणध्वनीवर आंतरजाल आल्यानंतर यांपैकी बहुतेक दुकाने बंद झाली. नोंदवहीची कल्पना मात्र टिकून राहिली. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन पुरविणाऱ्यांवर ग्राहकांची नावे, पत्ते इत्यादी तपशील पाच वर्षे वा त्याहून अधिक काळ ठेवण्याचे बंधन आले. एक वर्षाची वही पाच वर्षांची झाली आणि कल्याण स्थानकाबाहेरील गाळ्यातून ती दूरच्या संगणकात गेली, असे या बदलाचे वर्णन करता येईल.

निनावी समूह आणि सनाम मजकूर

निनावीपणाकडे पाहण्याचा यंत्रणेचा दृष्टिकोन समजून घेण्यासाठी ठाणे जिल्ह्यातील दोन प्रकरणे परस्परांशेजारी ठेवणे उपयुक्त ठरते.

पहिले प्रकरण २००८ चे आहे. केरळमधील एका एकोणीस वर्षीय संगणक विद्यार्थ्याने ऑर्कुट या संकेतस्थळावर शिवसेनेच्या विरोधातील एक समूह सुरू केला होता. त्यावर अनेक निनावी व्यक्तींनी मते नोंदविली. शिवसेनेच्या युवक शाखेच्या पदाधिकाऱ्याच्या तक्रारीवरून ऑगस्ट २००८ मध्ये ठाण्यात भारतीय दंड संहितेच्या कलम ५०६ व २९५अ खाली या विद्यार्थ्याविरुद्ध गुन्हा नोंदविण्यात आला. गुन्हा रद्द करण्याची त्याची विनंती फेब्रुवारी २००९ मध्ये सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या पीठाने अमान्य केली. संगणकाच्या विद्यार्थ्याला आपले लेखन किती लोक वाचतात याची जाणीव असावयास हवी, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता. केरळातील घरी बसून उघडलेल्या समूहासाठी ठाण्यातील कार्यवाहीला तोंड देण्याची वेळ त्याच्यावर आली.

दुसरे प्रकरण पालघरचे. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. त्यानंतरच्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर मत मांडले आणि तिच्या मैत्रिणीने ते पसंत असल्याची खूण केली. जमावाने या तरुणीच्या काकांच्या रुग्णालयाची मोडतोड केली. दोघींनाही अटक झाली आणि त्यांच्यावर दंड संहितेबरोबरच माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६अ लावण्यात आले. देशभर टीका झाल्यावर संबंधित पोलीस अधिकाऱ्यांना निलंबित करण्यात आले आणि पुढे ते प्रकरण बंद झाले. जानेवारी २०१३ मध्ये केंद्राने या कलमाखालील अटकेपूर्वी वरिष्ठ अधिकाऱ्याची अनुमती घेण्याची सूचना राज्यांना दिली. २४ मार्च २०१५ रोजी न्या. जे. चेलमेश्वर व न्या. रोहिंटन नरिमन यांच्या पीठाने श्रेया सिंघल खटल्यात हे कलमच घटनाबाह्य ठरविले.

पहिल्या प्रकरणात मते मांडणारे निनावी होते, म्हणून ज्याची ओळख पटली त्या एकावर जबाबदारी आली. दुसऱ्या प्रकरणात लिहिणारी आपल्याच नावाने लिहीत होती, म्हणून जमाव आणि पोलीस दोघेही काही तासांत तिच्या दारी पोहोचले. याचा अर्थ असा की, निनावी राहणे हा संशयाचा आधार मानला गेला आणि नाव देणे हे संरक्षण ठरले नाही. ‘ज्याला लपविण्यासारखे काही नाही त्याने नाव सांगण्यास भिऊ नये’ हा युक्तिवाद पालघरच्या उदाहरणापुढे टिकत नाही. मे २०२२ मध्ये कळवा पोलिसांनी नोंदविलेल्या गुन्ह्यात, ज्येष्ठ नेते शरद पवार यांच्याविषयीची मानली गेलेली, दुसऱ्याच्या नावाची पद्यरचना फेसबुकवर प्रसृत केल्याबद्दल एका मराठी अभिनेत्रीस अटक झाली आणि तिला महिनाभराहून अधिक काळ कोठडीत राहावे लागले. राज्यातील सत्ताधारी बदलले तरी पोलीस ठाण्यातील कार्यपद्धतीत फारसा बदल झाला नव्हता, हे यावरून दिसते.

ओळख पटविण्याची रीत नेहमी अचूक असते असेही नाही. ऑगस्ट २००७ मध्ये पुणे पोलिसांनी ऑर्कुटवरील शिवाजी महाराजांविषयीच्या आक्षेपार्ह मजकुराप्रकरणी बंगळूरमधील एका तरुणास अटक केली. दूरसंचार कंपनीने आयपी पत्त्याबाबत चुकीचा तपशील दिल्याचे पुढे उघड झाले. तोपर्यंत या निरपराध तरुणाचे सुमारे पन्नास दिवस येरवडा कारागृहात गेले होते. कंपनीच्या नोंदीतील एका चुकीने एका माणसाचे स्वातंत्र्य हिरावले गेले.

नोंदींचा बाजार

नोंदी साठविणारा पक्ष दर वेळी शासनच असतो असे नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले. सातशेहून अधिक कर्मचाऱ्यांना ताब्यात घेऊन चौकशी करण्यात आली. अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून तेथील नागरिकांना धमकावले जात असे आणि पैसे उकळले जात असत, असा आरोप होता. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय विभागाने भारतातील कॉल सेंटरांच्या अशा जाळ्यातील ५६ व्यक्ती व पाच संस्थांवर दोषारोप जाहीर केले. त्यातील विवरणानुसार सावजांची माहिती दलालांकडून व इतर मार्गांनी मिळविली जात होती. ठाणे जिल्ह्यातील तरुण येथे परदेशी नागरिकांच्या विकलेल्या माहितीवर काम करीत होता. माहितीच्या बाजाराला भौगोलिक सीमा नाहीत, याचे हे ठळक उदाहरण होय.

२०१८ च्या प्रारंभी ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने भ्रमणध्वनीच्या संभाषणांचे तपशील, म्हणजेच सीडीआर, बेकायदा मिळवून विकल्याच्या आरोपावरून काही खासगी गुप्तहेरांना अटक केली. कोणी कोणाला, केव्हा, किती वेळ आणि कोणत्या परिसरातून दूरध्वनी केला, हे या तपशिलांत असते. संभाषण न ऐकताही माणसाचे नातेसंबंध, आजार, दिनक्रम यांचा अंदाज त्यांवरून बांधता येतो. म्हणूनच हे तपशील कंपनीकडून मागविण्याचा अधिकार ठरावीक अधिकाऱ्यांपुरता मर्यादित आहे. या प्रकरणातील अटक झालेल्यांत एका पोलीस कर्मचाऱ्याचाही समावेश होता. याच तपासात अटक झालेल्या एका वकिलाची मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये तात्काळ सुटका करण्याचा आदेश दिला, कारण अटकेची विहित कार्यपद्धती पाळली गेली नव्हती. खासगीपणाच्या रक्षणासाठी सुरू झालेल्या तपासालाही कायद्याच्या मर्यादांचे स्मरण करून द्यावे लागले, असे म्हणता येईल.

तपासासाठी ठेवलेल्या नोंदी तपास यंत्रणेच्या दारातूनच बाजारात जाऊ शकतात, या शक्यतेकडे हे प्रकरण लक्ष वेधते. ‘शासनापासून संरक्षण’ आणि ‘कंपन्यांपासून संरक्षण’ असे दोन स्वतंत्र प्रश्न मानण्याची पद्धत यामुळे अपुरी ठरते. माहितीचा साठा एकदा झाला की तो राखणारा कोण आहे याला मर्यादितच महत्त्व उरते.

हक्काची मान्यता आणि तिच्या मर्यादा

२४ ऑगस्ट २०१७ रोजी न्या. के. एस. पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने मान्य केले. सप्टेंबर २०१८ मध्ये आधार योजनेची घटनात्मकता मान्य करताना न्यायालयाने खासगी कंपन्यांना आधारचा वापर करू देणारी तरतूद मात्र रद्द केली. या हक्काचा परिणाम मुंबई उच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०१९ मधील निर्णयात दिसतो. लाचखोरीच्या एका प्रकरणातील दूरध्वनी ऐकण्याचे आदेश सार्वजनिक सुरक्षिततेच्या निकषात बसत नसल्याने न्यायालयाने ते रद्द केले.

याच्या उलट दिशेने जाणाऱ्या घटनाही याच काळातील आहेत. केंद्रीय गृह मंत्रालयाने २० डिसेंबर २०१८ रोजी दहा यंत्रणांना कोणत्याही संगणकातील माहिती अडविण्याचे व तपासण्याचे अधिकार दिले. कलम ६६अ रद्द होऊन सात वर्षे उलटल्यावरही त्याखाली गुन्हे नोंदले जात असल्याने ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयास अशा कार्यवाही थांबविण्याचा आदेश द्यावा लागला. पालघरच्या घटनेतून उभा राहिलेला निर्णय दिल्लीत जाहीर झाला, परंतु ठाणे अंमलदाराच्या टेबलापर्यंत पोहोचण्यास त्यास वर्षे लागली.

ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याखालील नियम अधिसूचित झाले. माहिती बाळगणाऱ्या संस्थांवरील मुख्य कर्तव्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली आहे. संरक्षणात कसूर करणाऱ्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तथापि शासकीय यंत्रणांना अधिसूचनेद्वारे या अधिनियमातून वगळण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे ठेवला आहे. शिवाय या अधिनियमाने माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील वैयक्तिक माहितीविषयीचे कलमही बदलले आहे. त्यामुळे अधिकाऱ्यांविषयीची माहिती मिळविणे नागरिकास अवघड होईल, अशी शंका अनेक अभ्यासकांनी व्यक्त केली आहे. नागरिक शासनास अधिकाधिक दिसावा आणि शासन नागरिकास कमी दिसावे, ही विषमता खासगीपणाच्या नावाने वाढू नये, हा या टप्प्यावरील खरा प्रश्न आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, या परिसरात नोंदींची सक्ती प्रत्येक वेळी एखाद्या समर्थनीय हेतूने आली. बालकांचे संरक्षण, नागरी सोय, गुन्ह्यांचा तपास हे हेतू खोटे नव्हते. परंतु हेतू संपल्यावर नोंद संपविण्याची व्यवस्था जवळजवळ कधीच केली गेली नाही. दुसरा, निनावीपणाचा प्रश्न गुन्हेगारीपुरता मर्यादित मानणे ऐतिहासिकदृष्ट्या सदोष आहे. जेथे जमावाचा राग आणि पोलिसांची तत्परता एकाच दिशेने वाहतात, तेथे निनावीपणा दुर्बलाची ढाल ठरू शकतो. तिसरा, न्यायालयीन निर्णयांनी हक्क घोषित केले, पण त्यांचे भवितव्य पोलीस ठाणे, पालिका आणि कंपनी येथील दैनंदिन कार्यपद्धतीवर अवलंबून राहिले.

या यादीत महाविद्यालयांचाही समावेश करावयास हवा. प्रवेश अर्ज, शिष्यवृत्ती, परीक्षा आणि उपस्थिती यांच्या निमित्ताने विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, जात प्रमाणपत्रे, पालकांचे उत्पन्न, भ्रमणध्वनी क्रमांक आपल्याच कार्यालयांत साठतात आणि अनेकदा सोयीसाठी समूह संदेशांतून फिरतात. कोणती माहिती खरोखर आवश्यक आहे, ती कोण पाहू शकतो आणि विद्यार्थी महाविद्यालय सोडून गेल्यावर ती केव्हा नष्ट केली जाते, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे प्रत्येक महाविद्यालयाने तयार ठेवणे हे कायद्याची मुदत संपण्याची वाट न पाहता करता येण्याजोगे काम आहे.

नोंदींवाचून इतिहास लिहिता येत नाही, हे इतिहासाच्या अभ्यासकास वेगळे सांगावयास नको. म्हणूनच नोंद करणे आणि नोंद बाळगणे यांतील सत्तेचा संबंध तपासण्याची जबाबदारीही त्याच्याकडेच येते.